बरड आणि बान्यूल्सची वाइन

आमच्या वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भावाच्या वाट्याला तापीकाठची काळी आली आणि माझ्या वाट्याला बरड. शिंदखेड्यापासून कोसभर पुढे, आमच्या गावाच्या डोक्यावर एक उतार आहे. मुरूम, दगड, कुसळी गवत आणि चार बोरी, एवढंच त्याचं वैभव. भावाने फसवलं म्हणावं तर तसंही नव्हतं. पंचांसमोर चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि पहिली चिठ्ठी मीच उचलली होती. त्यामुळे रागवायचं कोणावर हा प्रश्न उरला, आणि मला तर रागवायला कोणीतरी लागतंच. मग मी बरडीवरच रागावलो आणि दोन-तीन वर्षं तिकडे फिरकलो नाही.

मी तेव्हा जळगावला एका कापूस-पेढीवर होतो. काम माल पारखण्याचं. जामनेरच्या, चाळीसगावच्या गाड्या आवारात उभ्या राहिल्या की रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरायचा, हळूच ओढायचा, आणि तंतू किती लांब, किती चिवट, गाडीच्या तळाशी ओला माल दडवला आहे का, ते सांगायचं. शेतकऱ्याचा मुलगा असून शेतकऱ्यांशीच भांडतो म्हणून गाडीवान मला नावं ठेवायचे. पण बोटांनी सांगितलेलं मी कधी बदललं नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

अशात धुळ्याकडचा एक ठेकेदार गावात आला. रस्त्यांना खडी लागत होती आणि माझी बरड म्हणजे आयती खाण. भावाने मला न विचारता त्याला शब्द देऊन टाकला. मग मला निरोप. मी गावी गेलो तेव्हा भाऊ ओट्यावर बसून होता.

"बठ्ठा दगडच शे तठे," तो म्हणाला. "तू काय करशी त्यानं? सही करी टाक."

खरं सांगायचं तर मलाही ती जमीन नकोच होती. पण आपल्याला नको असलेली वस्तू दुसरा उचलायला आला की ती मला हवीशी वाटू लागते, असा माझा स्वभाव आहे. "देखसू," असं म्हणून मी विषय ढकलला. माय चुलीपाशी बसून हे ऐकत होती. नवी सून म्हणून आली तेव्हा तिने त्या बरडीवर धोंडे वेचून कुळीथ पेरला होता. एकदा पीक आलं, आणि पुढच्या पावसाळ्यात माती धुऊन खाली ओढ्यात गेली. तिने तव्यावरची भाकरी जरा जोरात उलथली.

त्याच उन्हाळ्यात आमच्या पेढीच्या गाठींवरून फ्रान्सच्या हाव्र बंदरात भांडण उभं राहिलं. माल ठरल्याप्रमाणे नाही, अशी तिकडच्या खरेदीदाराची तक्रार. पत्रं आली, तारा झाल्या, काही मिटेना. शेवटी मालक म्हणाले, "तुम्हीच जा. एवीतेवी इथे सगळ्यांशी भांडताच, तिकडे जाऊन भांडा. पेढीचा फायदा तरी होईल." निघण्याआधी गावी जाऊन मायच्या पाया पडलो. भाऊ वेशीपर्यंत सोडायला आला आणि तिथे थांबून म्हणाला, "परत उना का पह्यले सही." ठेकेदाराला त्याने माझ्या परत येण्याचा वायदा दिला होता.

बोटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी आडवा पडून होतो. हाव्रला मात्र मजा आली. तिथल्या गोदामात गाठी फोडल्या, नमुने ओढले, आणि तक्रार तिसऱ्याच कुणाच्यातरी गाठींची होती हे बोटांनी दाखवून दिलं. भांडण इतक्या लवकर मिटलं की मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. परतीच्या बोटीला अजून बरेच आठवडे होते.

त्या गोदामात माझ्या बाजूने बोलणारा एकच गोरा होता. खरेदीदारांचा अडत्या. जवानीत तो तीन-चार हंगाम जळगावला राहून गेला होता, आणि त्याला आमची बोली येत होती. मराठी नव्हे, आमची खानदेशी. कारण तो ती साहेबांच्या मुनशीकडून नाही, गाडीवानांकडून शिकला होता. चांगला टोपीवाला, कोटातला माणूस तोंड उघडून "काय शे भाऊ, बरं शे ना?" म्हणाला तेव्हा मी परदेशात पहिल्यांदा पोटभर हसलो.

त्याच्या बायकोचं माहेर दक्षिणेकडे, स्पेनच्या सीमेला लागून. सासऱ्याच्या गावी द्राक्षांचा हंगाम गाठायला तो मोटारीने निघणार होता. वाटेत मित्रांसाठी निरनिराळ्या मुलखांतली वाइन चाखून पिंपं ठरवायची, हा त्याचा दरवर्षीचा छंद. "तुमना गावमा मी भरीत-भाकर खादी," तो म्हणाला. "आते तू मना मुलूख देख." मी तयार झालो. दारूचं मला वावडं नव्हतं, कौतुकही नव्हतं. शिमग्याला मोहाची घोटभर घेतलेली, तेवढाच अनुभव. पण एखादा माणूस चवीवरून माल पारखतो म्हटल्यावर मला राहवेना. बोटांनी पारखणारा मी. जिभेने पारखणारे कसे आहेत ते बघायचंच होतं.

पहिला मुक्काम शांपेनचा. खडूच्या डोंगरात खोदलेली तळघरं, आत थंडी, आणि भिंतीला लावून बाटल्या. फेसाळ वाइनचा पेला हातात आला. आता आमच्याकडे चारचौघांत पेला ओठाला लावत नाहीत. तोंड वर करायचं आणि धार सोडायची, म्हणजे पेला उष्टा होत नाही, पुढच्याला चालतो. मी लहानपणापासून असाच पाणी पितो, ताकसुद्धा. मी मान मागे टाकली आणि वरून धार धरली. फेस सरळ नाकात गेला. जळगाव स्टेशनावर गोटीचं सोडावॉटर पिताना एकदा असं झालं होतं, पण तेव्हा निदान आजूबाजूला हसणारे आपले होते.

बर्गंडीत अब्रूचं आणखी थोडं नुकसान झालं. तिथल्या मळेवाल्याने चांदीची एक उथळ वाटी काढली. पिंपातून तिच्यात घोट घ्यायचा, चाखायचा आणि तीच वाटी शेजाऱ्याच्या हातात द्यायची. दहा जणांत एक वाटी! माझी पाळी आली तेव्हा दुसऱ्यांना माझं उष्टं नको म्हणून मी शहाणपणाने वरून धार धरली. उथळ वाटीतून धार कसली पडते. अर्धी वाइन सदऱ्यावर, उरलेली सरळ घशात. सगळे चाखून झाल्यावर एका बादलीत थुंकत होते. ते मला काही केल्या जमेना. यजमानाने प्रेमाने दिलेलं त्याच्यासमोर थुंकायचं म्हणजे त्याच्या अन्नाचा अपमान.

"भाऊ, थुकी टाक," अडत्या कानाशी लागला.

"मी थुकाव नही," मी म्हटलं, आणि पुढच्या पिंपाकडे वळलो.

सगळी पिंपं संपेपर्यंत मी ओला कापूस कसा ओळखावा यावर मळेवाल्याला खानदेशीतून सविस्तर समजावून सांगत होतो. तो बिचारा शेवटपर्यंत मान डोलवत होता. अडत्याने नंतर सांगितलं की मळेवाल्याचं मत माझ्याबद्दल फार चांगलं झालं, कारण त्याच्या वाइनचा एक थेंबही वाया न घालवणारा पाहुणा त्याने पहिल्यांदा पाहिला होता.

सकाळी डोकं ठणकत होतं आणि त्याहून जास्त मन खात होतं. इतक्या प्रकारच्या वाइन प्यालो आणि मला सगळ्या एकच वाटल्या. कापसात कोणी असं म्हणालं असतं तर मी त्याला आवारात उभा केला नसता. अडत्या हसत म्हणाला, जाऊ दे, सगळ्यांना जमत नाही. हे वाक्य मला कोणी म्हणू नये. मी तिथल्या तिथे ठरवलं की चव कळल्याशिवाय हा मुलूख सोडायचा नाही, बोट चुकली तरी बेहत्तर.

विचार केल्यावर दोष सापडला. वरून सोडलेली धार जिभेला न भेटताच घशात जाते. वाइन तोंडात थांबायला हवी, म्हणजे पेला ओठाला लावायला हवा, म्हणजे पेला माझा स्वतःचा हवा. पिशवीत मायने दिलेलं पितळेचं फुलपात्र होतंच. ते घासून लख्ख केलं आणि पुढच्या मळ्यात चांदीची वाटी नम्रपणे नाकारून फुलपात्र पुढे केलं. ओठाला लावून, चूळ भरल्यासारखी वाइन तोंडात खेळवली. भयंकर! पुढची घेतली, तीही तशीच. तिसरी तर जीभ आखडेल अशी. हेच ते जगात गाजलेलं पेय असेल तर या लोकांची जीभ तपासून घ्यायला हवी, असं मी अडत्याला स्पष्ट सांगितलं.

त्याने माझ्या हातातून फुलपात्र घेतलं, एक घोट घेतला आणि तिथेच पचकन थुंकला. मग फुलपात्र उजेडाकडे नेऊन आत बघितलं आणि कपाळावर हात मारला. मलाही तेव्हाच उजेड पडला. ज्या माणसाची माय कल्हई नसलेल्या पितळेत ताकाचा थेंब ठेवत नाही, त्या माणसाने आंबूस द्राक्षांचा रस साध्या पितळेत ओतून घेतला होता. वाइन कळकली होती. चूक फ्रान्सची नव्हती, आमच्या भांड्याची होती.

त्या दिवशी बाजारातून मी जाड काचेचा एक साधा पेला घेतला, रुमालात गुंडाळला आणि कोटाच्या खिशात ठेवला. इथून पुढे खरा प्रवास सुरू झाला. थुंकायचंही मनाला पटवलं. आपण रुईचा पुंजका ओढून बघतो आणि टाकून देतो, तो काही कापसाचा अपमान नसतो, असं स्वतःला समजावलं. मग हळूहळू एकेक वाइन वेगळी होऊ लागली. एकीत जांभळाचा तुरटपणा, एकीला ओल्या मातीचा वास, एक नुसतीच पातळ. अडत्या बाटलीवरची चिठ्ठी हाताने झाकून विचारायचा आणि मी सांगायचो. आधी चुकायचो, चुकलो की पुन्हा चाखायचो. तो जेवायला बोलवायचा तरी मी पिंपापाशीच. कोरड्या पावाबरोबर पिशवीतली शेंगदाण्याची चटणी खायची आणि पुन्हा जीभ धुऊन बसायचं. शेवटी शेवटी माझं बरोबर यायला लागलं आणि त्याचं एकदा चुकलं, तेव्हा मला हाव्रच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

अशाच एका सकाळी, पारख थोडी बसल्यावर, मी त्याला विचारलं की एकाच गावातली, एकाच वाणाच्या द्राक्षांची वाइन इतकी वेगळी कशी. त्याने मोटार थांबवली. रस्त्याच्या खालच्या अंगाला सपाट, काळसर, मऊ जमीन होती. वरच्या अंगाला खडकाळ उतार. मी मनात म्हटलं, चांगली ती खालची असणार, यात विचारायचं काय? तो म्हणाला, खालच्या जमिनीत द्राक्ष भरमसाट येतं, पण त्याची वाइन गडीमाणसांच्या रोजच्या जेवणाची. जी वाइन राजेरजवाडे मागतात ती त्या वरच्या दगडांतून येते.

मी खाली उतरलो. उतारावर गेलो. मुरूम, चुन्याचे खडे, पायाखाली सरकणारी ढेकळं. एक मूठ उचलून चोळून बघितली. माझी बरड यापेक्षा वाईट नव्हती. पुढे र्‍होन नदीच्या खोऱ्यात तर नारळाएवढे गोटे अंथरलेली शेतं दिसली, मातीच दिसेना, आणि त्या गोट्यांतून वेली वर आलेल्या. मला कोणाचातरी संताप आला. कोणाचा ते कळेना. बहुधा ज्या कोणी काळी जमीन म्हणजे देव आणि बरड म्हणजे पाप असं आमच्या डोक्यात भरवलं त्याचा. त्या दिवशी मी वाइन नीट चाखली नाही. डोळ्यांपुढे ठेकेदाराचे सुरुंग दिसत होते.

शेवटचा मुक्काम बान्यूल्सचा, अडत्याच्या सासुरवाडीजवळ. डोंगर सरळ समुद्रात उतरलेला आणि सगळ्या डोंगराला दगडी बांधांच्या पायऱ्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. द्राक्षांची तोडणी चालू होती. मळ्याची मालकीण म्हणजे अडत्याच्या बायकोची मावशी, विधवा, काळ्या कपड्यांतली, हाताची बोटं मायच्या बोटांसारखी वाकडी झालेली. मी तिला अक्का म्हणायला लागलो. अडत्याने तिला अर्थ सांगितल्यावर तीही मला तिच्या भाषेत काहीतरी म्हणू लागली. ते काय होतं हे मी कधी विचारलं नाही.

दुपारी बांधाच्या सावलीत सगळे जेवायला बसले. मधोमध काचेचं एक भांडं आलं, झारीसारखं, बाजूला निमुळती तोटी असलेलं. अक्काने ते हातभर वर धरलं, मान मागे टाकली, आणि तोटीतून वाइनची बारीक धार सरळ तोंडात. ओठ कुठेही लागला नाही. भांडं दुसऱ्याकडे गेलं, त्याने तसंच. मी थक्क होऊन बघत राहिलो. एवढा मुलूख मला ज्या गोष्टीसाठी हसला, ती इथे सगळे करत होते. भांडं माझ्यापर्यंत आलं तेव्हा अडत्या सावरून बसला. बाहेरच्या माणसाचा सदरा भिजतो आणि मग हशा होतो, अशी तिथली रीत. मी हात पूर्ण लांब केला आणि धार सोडली. थेंब सांडला नाही. हात आणखी वर नेला. मग धार चालू ठेवूनच हसून दाखवलं. अक्काने मांडीवर थाप मारली आणि आपल्या ताटलीतला पाव उचलून माझ्यापुढे ठेवला.

त्यांचं वरून पिणं आणि आमचं यात एक फरक होता. ती धार ते जिभेवर घेतात आणि तिथे थोपवून धरतात. हे एकदा कळल्यावर मला दोन्ही साधलं. आणि मग ती वाइन मला कळली. गोड, काळपट, दाट. मनुका, भाजलेला बदाम, आणि सगळ्यांच्या खाली एक वास जो मला ओळखीचा वाटत होता पण आठवत नव्हता. सबंध प्रवासात इतक्या वाइन चाखल्या, त्यांत काही याहून मोठ्या मानाच्या होत्या. पण मला विचाराल तर मी हीच सांगीन. आजही दुसरी आवडलेली नाही.

मी अक्काला बरडीबद्दल विचारलं. अडत्या मध्ये बसून तिचं मला आणि माझं तिला सांगत होता. म्हटलं, माझ्याकडे असाच उतार आहे, माती थांबत नाही, पावसाने धुऊन जाते, लोक म्हणतात दगड विकून टाक. ती उठली आणि मला बांधांवरून फिरवू लागली. आमच्याकडेही माती धुऊन जाते, म्हणाली. जाते ती पाटीत भरून पाठीवर वर आणतो. मग तिने दाखवलं की उतारावरून दगडी नाल्या कशा काढल्या आहेत: दोन तिरक्या नाल्या दोन्हीकडून येऊन मधल्या एका नालीला मिळतात, वरून बघितलं तर कोंबडीच्या पायाचा ठसा. पावसाचं पाणी बांधावर आदळत नाही, या वाटेने उतरून जातं. माती जागेवर राहते.

"दगड विकले तर बांध कशाचा घालणार?" तिने विचारलं. अडत्याने ते मला खानदेशीत सांगितलं.

बोटीची वेळ येईपर्यंत मी तिच्या मळ्यात राहिलो. तोडणीला हात लावला, पण खरं काम मी मागून घेतलं ते पडलेले बांध रचण्याचं. मोठा दगड खाली, त्याचं तोंड आत झुकलेलं, मागे बारीक खडी, सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही. तळहात सोलले. रुई ओढणारी बोटं जाड होऊन बसली, आणि पेढीवर आपलं काय होणार हा विचार मनात आला तो मी बाजूला सारला. निघताना अक्काने एक बाटली दिली. वेलीच्या कांड्याही देत होती. मी घेतल्या, आणि त्या तांबड्या समुद्राच्या उन्हात बोटीवरच वाळून गेल्या. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. मला न्यायचं होतं ते डोक्यात होतं.

धुळ्यात तेव्हा दारूच्या दुकानांपुढे दारूबंदीच्या चळवळीतले स्वयंसेवक हात जोडून उभे राहत, आणि मी त्याच रस्त्याने परदेशी दारूची बाटली धोतरात गुंडाळून चाललो होतो. कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं देव जाणे. घरी पोचलो तर भाऊ वाटच बघत होता. मी पाय धुतले, मायने पाणी दिलं, आणि मी सांगून टाकलं की सही होणार नाही.

भाऊ माझ्यासारखा ओरडणारा नाही, म्हणून त्याचा राग जास्त लागतो. "मना शबद गया," तो म्हणाला. "पुढनी दिवाळीलोंग देखस. तठे काही पिकनं तं तुनं खरं. नही तं सही." पुढच्या दिवाळीपर्यंत बरडीवर काही पिकलं तर माझं खरं, नाहीतर सही. मी कबूल केलं.

पेढीवरची नोकरी सोडून, हिशेब उरकून मी गावी आलो आणि पहार घेऊन वर गेलो. पहिले काही दिवस गाव बघायला येत होतं. "फ्रान्समा जाईसन काय शिकना?" एक विचारायचा. "दगड रचनं," दुसरा सांगायचा. हशा पिकायचा. मीही हसायचो आणि दगड उचलायचो. हसण्याने दगड हलका होत नाही, पण हसणाऱ्याला कंटाळा लवकर येतो. एके सकाळी वर गेलो तर माय आधीच येऊन बसलेली, पदर खोचून, बारीक दगड पाटीत वेचत. मी म्हटलं, "माय, तू कसाले उनी?" ती म्हणाली, "हाई मनं जुनं काम शे." पूर्ण उन्हाळा ती खडी भरायची आणि मी रचायचो.

पावसाळ्यात वरचा एक बांध पोट फुगून कोसळला. घाईत मी तिथली नाली अर्धवट ठेवली होती. आषाढाचा पाऊस अंगावर घेत मी ती खोदली, बांध परत रचला, आणि धुऊन गेलेली माती मायने आणि मी पाट्यांत भरून वर आणली. गावाला पुन्हा दोन दिवस विषय मिळाला. पण त्यानंतरच्या पावसात पाणी कोंबडीच्या पायातून गढूळ न होता उतरलं, तेव्हा मी भिजत उभा राहून ते बघितलं आणि मला रडू आलं.

खालच्या तीन बांधांवर कुळीथ पेरला होता. फार नाही, पण पिकला. वर लावलेली सीताफळाची रोपंही जगली.

दिवाळी झाल्यावर ठेकेदार आला, भाऊ त्याच्याबरोबर. दोघं उताराच्या पायथ्याशी थांबले. ठेकेदाराने बांधांवर नजर फिरवली आणि खूश झाला. "वा, दगड तर निवडून, रचून ठेवलाय तुम्ही," तो म्हणाला. "आम्हाला नुसता उचलायचा. बोला, कधी गाड्या पाठवू?"

माय कुळथाच्या शेंगा तोडत होती. तिने मान वर केली नाही.

"दगड भेटाव नही," ती म्हणाली. "दगडेसले आते काम शे."

ठेकेदाराने भावाकडे बघितलं. भावाने कुळथाकडे बघितलं, मग बांधाकडे, आणि शेवटी तो ठेकेदाराला म्हणाला, शब्द मी दिला होता, मीच परत घेतो. ठेकेदार पुटपुटत उतरून गेला. भावाचं तोंड उतरलं होतं. सगळ्या आयुष्यात त्याने दिलेला शब्द पहिल्यांदाच मोडला होता, आणि तो माझ्यासाठी. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तसं काही न करता मी खाली घरी गेलो आणि बाटली घेऊन आलो.

माय म्हणाली, आधी मला दे. मी बूच काढून बाटली तिच्या हातात दिली. तिने फक्त वास घेतला. "मोहाना वास शे," ती म्हणाली आणि बाटली परत केली. बान्यूल्सपासून मला आठवत नव्हता तो वास तिने एका श्वासात सांगितला.

भावाने बाटली हातभर वर धरून आपल्या रीतीप्रमाणे धार सोडली आणि गटकन गिळली. "काही चवच नही," तो म्हणाला. मी म्हटलं, परत घे, आणि या वेळी तोंडात थोपव. त्याने घेतली आणि थोपवली. गाल फुगवून तो बांधावर बसून राहिला. गिळता येईना, बोलता येईना. नजर बांधांवरून हळूहळू खाली गेली, नाल्यांवर थांबली. मग त्याने गिळलं.

"पानी कोठेन उतरस?" त्याने विचारलं.

मी मातीत बोटाने कोंबडीचा पाय काढून दाखवला. तो वाकून बराच वेळ बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पहार होती आणि बंडीच्या खिशात, बाटलीतल्या उरलेल्या घोटासाठी, काचेचा एक पेला.